प्रकाश वेगवान आहे, पण घोडं अडतं चिपच्या वेशीवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका वाचकाला ऑप्टिकल कम्युनिकेशनसाठी लागणाऱ्या चिप्सवर संशोधन करायचं आहे. त्याच्या तीन शंका आहेत. ट्रान्झिस्टर लहान होतच चालले आहेत, तर वेग आपोआप वाढणार नाही का? तांब्याऐवजी सगळीकडे प्रकाशच का वापरत नाहीत? आणि पीएचडीसाठी आज नेमका कोणता प्रश्न हाती घ्यावा?

तिन्ही शंकांचं उत्तर एकाच जागी सापडतं. फायबरमध्ये जागा भरपूर आहे आणि चिपच्या आत हिशेब करायची ताकदही भरपूर आहे. अडचण या दोघांच्या मधल्या वेशीवर आहे. विद्युत संकेताचा प्रकाश करायचा, पलीकडे त्या प्रकाशाचा पुन्हा विद्युत संकेत करायचा, आणि हे सगळं दर बिटमागे मोजक्या ऊर्जेत बसवायचं, यातच खरी मेख आहे. मी बरीच वर्षं रिसीव्हरच्या ॲनालॉग भागावर काम करतो, त्यामुळे माझा कल तिकडे झुकलेला दिसेल. तेवढं धरून वाचा.

आधी ट्रान्झिस्टर. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेला नियम असा होता की ट्रान्झिस्टरची मापं आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात घटवली, तर वेग वाढतो आणि क्षेत्रफळामागची उष्णता तेवढीच राहते. ही चैन २००५-०६ च्या सुमारास संपली. खोलीच्या तापमानाला ट्रान्झिस्टरचा करंट दहापट कमी करायचा तर गेटवर किमान ६० मिलिव्होल्टचा फरक लागतोच. हा आकडा उष्मागतिकीतून येतो, कारागिरीतून नाही. त्यामुळे थ्रेशोल्ड व्होल्टेज (ज्याला ट्रान्झिस्टर चालू होतो ते) मनाला येईल तेवढं खाली नेता येत नाही, आणि सप्लाय ०.७ व्होल्टच्या आसपास रेंगाळतो. मापं मात्र घटत राहिली. तीही सगळ्यांची सारखी नाहीत. टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत एसरॅमच्या (चिपवरच्या मेमरीच्या) एका पेशीचं क्षेत्रफळ ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होतं, आणि ३ नॅनोमीटरच्या एन-३-ई प्रक्रियेतही ते तेवढंच राहिलं. म्हणजे लॉजिक आक्रसलं आणि मेमरी जागची हलली नाही.

तारांचं दुखणं वेगळंच. तांब्यात इलेक्ट्रॉन टक्कर न होता सरासरी ३९ नॅनोमीटर जातो. तार त्याहून अरुंद झाली की तो कडांवर आणि स्फटिकांच्या सीमांवर आपटत राहतो, आणि रोधकता पुस्तकातल्या आकड्याच्या वर चढते. शिवाय तांबं आजूबाजूला झिरपू नये म्हणून जो थर लावावा लागतो तो फारसा पातळ करता येत नाही, त्यामुळे आतल्या तांब्याचा वाटा आणखी घटतो. फिनफेटनंतर (त्यात गेट चॅनेलला तीन बाजूंनी वेढतो) गेट चॅनेलभोवती चहूबाजूंनी आला आणि गळती आटोक्यात आली. पण ॲनालॉगवाल्याला हवा असतो तो ट्रान्झिस्टरचा उच्च वारंवारितेतला दम, आणि तो काँटॅक्ट व पहिल्या काही मेटल थरांच्या पॅरासिटिक (नको असताना तयार होणाऱ्या) कपॅसिटन्सने खाऊन टाकला आहे. म्हणूनच वेगवान ड्रायव्हर (प्रकाशावर संकेत चढवणाऱ्या भागाला चालवणारं सर्किट) आणि टीआयए (फोटोडायोडच्या करंटचं व्होल्टेज करणारा ॲम्प्लिफायर) अजूनही बरेचदा सिलिकॉन-जर्मेनियम बायपोलरमध्ये बनतात. जर्मनीतल्या आयएचपी संस्थेने २०१६ मध्ये ७२० गिगाहर्ट्झ कमाल ऑसिलेशन वारंवारितेचा असा ट्रान्झिस्टर दाखवला होता. लॉजिकसाठी जे तंत्रज्ञान सर्वात नवं, तेच ॲनालॉगसाठी सर्वात चांगलं, हा समज तेवढा डोक्यातून काढून टाका.

आता मागणी काय आहे ते पाहू. डेटा सेंटरमधल्या जोडण्या एका लेनमागे सेकंदाला १०० गिगाबिटवरून २०० गिगाबिटवर जात आहेत. चार पातळ्यांचं पॅम-४ वापरलं तर, चूक-दुरुस्तीचे जादा बिट धरून, २२४ गिगाबिटसाठी सेकंदाला ११२ अब्ज सिम्बॉल लागतात, म्हणजे एका सिम्बॉलला ९ पिकोसेकंदही मिळत नाहीत. नायक्विस्ट वारंवारिता, म्हणजे सिम्बॉलच्या वेगाच्या निम्मी, ५६ गिगाहर्ट्झ. या वारंवारितेला तांब्यातला करंट पृष्ठभागाच्या पाव मायक्रोमीटरच्या थरातूनच वाहतो, आणि सर्किट बोर्डवरच्या तांब्याचा खडबडीतपणा साधारण त्याच मापाचा असतो. म्हणून स्विच चिपपासून पुढच्या पॅनेलपर्यंतचा काही इंचांचा प्रवासच सगळ्यात खर्चिक ठरतो. त्यात पॅम-४ मुळे ‘डोळ्याची’ (शेजारच्या पातळ्यांमधल्या मोकळ्या जागेची) उंची दोन पातळ्यांच्या तुलनेत एक तृतीयांश होते, म्हणजे साडेनऊ डेसिबलचा फटका आधीच बसलेला असतो.

ही तूट भरून काढायला डीएसपी (संकेतावर गणिती प्रक्रिया करणारं डिजिटल सर्किट) आला. चॅनेलमधून आलेला विद्रूप संकेत सरळ एडीसीने (संकेताचे आकडे करणाऱ्या सर्किटने) मोजायचा आणि पुढची दुरुस्ती गणिताने करायची. कल्पना छान आहे, पण घड्याळ पाहा. ५६ गिगाहर्ट्झचा संकेत मोजताना नमुना घेण्याच्या क्षणात १०० फेमटोसेकंदांचा थरथराट असेल, तर संकेत-नॉइज गुणोत्तर सुमारे २९ डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे साडेचार बिट. एडीसीवर कागदोपत्री आठ बिट लिहिले असले तरी काही उपयोग नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. थरथराट निम्मा केला की एक बिट मिळतो, पण तो निम्मा करायला पीएलएलमध्ये (घड्याळ तयार करणाऱ्या सर्किटमध्ये) साधारण चौपट वीज ओतावी लागते.

शिवाय सेकंदाला ११२ अब्ज नमुने घेणारा एकच एक एडीसी बनत नाही. समजा ६४ लहान एडीसी पाळीपाळीने चालवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला पावणेदोन अब्ज नमुने येतात. प्रत्येकाचा ऑफसेट वेगळा, गेन वेगळा, घड्याळ पोचायची वेळ वेगळी. ऑफसेट आणि गेन सुधारणं सोपं आहे. वेळेतला फरक मात्र तापमानाबरोबर बदलतो, त्याने होणारी चूक संकेताच्या वारंवारितेबरोबर वाढते, आणि डेटा वाहत असतानाच तो ओळखून काढावा लागतो. या पार्श्वभूमीवरच्या कॅलिब्रेशनवर भरपूर लिहिलं गेलं आहे. तरी संकेताच्या ठरावीक आवर्तनामुळे अल्गोरिदम फसतो, आणि असं का झालं ते कळायला प्रयोगशाळेत महिने जातात. हा प्रश्न सुटला असं मला तरी वाटत नाही.

विजेचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक संशोधकाने भिंतीवर लावून ठेवावा. ५१.२ टेराबिटच्या स्विचमध्ये दर बिटमागे १ पिकोज्यूल म्हणजे ५१ वॅट. ८०० गिगाबिटचं डीएसपी असलेलं मॉड्यूल १५ वॅट घेतं असं धरलं तर दर बिटमागे १९ पिकोज्यूलच्या आसपास पडतात. अशी ६४ मॉड्यूल लागली की नुसत्या जोडण्यांसाठी ९६० वॅट. स्विच चिपची वीज वेगळीच. म्हणूनच प्रकाशाला चिपच्या अगदी शेजारी, एकाच पॅकेजमध्ये आणायची धडपड चालली आहे. त्यालाच को-पॅकेज्ड ऑप्टिक्स म्हणतात. दुसरा गट म्हणतो की मॉड्यूल पुढच्या पॅनेलवरच राहू दे, फक्त त्यातला डीएसपी काढून टाका आणि सगळी दुरुस्ती स्विचच्या सर्डेसकडून (डेटा वेगाने पाठवणाऱ्या-घेणाऱ्या सर्किटकडून) करून घ्या. या दुसऱ्या वाटेने वीज नक्की वाचते. पण लेनचा वेग दुप्पट होताच ती अवघड होत जाते, कारण कुणाच्या सर्डेसला कुणाचं मॉड्यूल पटेल हे सांगणारं मोजमापच ढिलं आहे.

माझ्या आवडीचा भाग आता येतो. रिसीव्हरमध्ये फोटोडायोड प्रकाशाचा करंट करतो आणि टीआयए त्या करंटचं व्होल्टेज करतो. एक हिशेब करून पाहा. टीआयएचा इनपुट नॉइज हर्ट्झच्या वर्गमुळामागे २० पिकोॲम्पिअर धरा आणि बँडविड्थ ५० गिगाहर्ट्झ. एकूण नॉइज सुमारे ४.५ मायक्रोॲम्पिअर येतो. रीड-सॉलोमन ५४४-५१४ हा एफईसी (चुका दुरुस्त करणारा कोड) साधारण चार हजार बिटमागे एक चूक सांभाळून घेतो असं मानलं, तर पॅम-४ च्या दोन शेजारच्या पातळ्यांत नॉइजच्या पावणेसात ते सातपट अंतर हवं, म्हणजे ३० मायक्रोॲम्पिअर. अशी तीन अंतरं मिळून ९० मायक्रोॲम्पिअरचा झोका लागतो. फोटोडायोड एका वॅटला एक ॲम्पिअर देत असेल तर त्याच्यावर ९० मायक्रोवॅटचा प्रकाश-झोका पडायला हवा. हे आदर्श परिस्थितीत. चॅनेलची विकृती, लेझरचा स्वतःचा नॉइज, परावर्तनं हे सगळं त्यावर.

मग टीआयए सुधारत का नाही? ॲम्प्लिफायरचा गेन-बँडविड्थ गुणाकार तंत्रज्ञानाने ठरवून दिलेला असतो, आणि टीआयएचा ट्रान्सइम्पीडन्स त्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, पण इनपुट कपॅसिटन्सच्या आणि बँडविड्थच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बँडविड्थ दुप्पट केली की ट्रान्सइम्पीडन्स एक चतुर्थांश. आणि ट्रान्झिस्टरच्या चॅनेलचा नॉइज इनपुटकडे आणला तर त्याची एकूण पॉवर बँडविड्थच्या घनाने वाढते, दुपटीला आठपट. डिझायनरच्या हातात उरतो तो फक्त कपॅसिटन्स. जर्मेनियमचा फोटोडायोड स्वतः काही दहा फेमटोफॅरडचा असू शकतो. पण त्याला जोडणारा पॅड, बंप (जोडणीचा धातूचा ठिपका) आणि ईएसडी (स्थिर विजेच्या झटक्यापासूनचं) संरक्षण मिळून त्याच्या कितीतरी पट होतात. बाँडवायर वापरली तर आणखी मजा. तिचा इंडक्टन्स मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री, म्हणजे ०.३ मिलिमीटरची वायरसुद्धा ५६ गिगाहर्ट्झला १०० ओहमच्या वर अडवते. म्हणून रिसीव्हरचं डिझाइन पॅकेजपासून सुरू करावं लागतं. सर्किट आधी काढून पॅकेजवाल्याकडे नंतर जाणारा विद्यार्थी पेपर छापतो, पण त्याच्या आकृतीतला फोटोडायोड बहुतेक वेळा एक आदर्श कपॅसिटर असतो.

दुसऱ्या टोकाला मॉड्युलेटर, म्हणजे विद्युत संकेत प्रकाशावर चढवणारा भाग. सिलिकॉनमध्ये मुक्त वाहकांची संख्या बदलली की अपवर्तनांक किंचित बदलतो, हे सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ मध्ये आकड्यांत मांडलं. परिणाम इतका दुबळा आहे की साध्या माख-झेंडर (प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र करणाऱ्या) मॉड्युलेटरची लांबी मिलिमीटरमध्ये जाते, आणि त्याला काही व्होल्टचा झोका लागतो. सप्लाय पाऊण व्होल्टचा असलेल्या सीमॉसने (चिपच्या नेहमीच्या ट्रान्झिस्टर तंत्रज्ञानाने) तो द्यायचा कसा? ट्रान्झिस्टर एकावर एक रचून, ब्रेकडाउनच्या काठावर. लिथियम नायोबेटच्या पातळ थराचे मॉड्युलेटर १०० गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि कमी व्होल्टेजवर भागवतात, पण लिथियमला सीमॉसच्या कारखान्यात कुणी सहजासहजी आत घेत नाही.

तिसरा उपाय म्हणजे रिंग. दहा मायक्रोमीटर व्यासाचं सिलिकॉनचं कडं, जे ठरावीक तरंगलांबीलाच (रेझोनन्सला) प्रतिसाद देतं, तेवढ्याच जागेत मॉड्युलेटर आणि फिल्टर दोन्ही. कागदावर याच्याइतकं सुंदर काही नाही, आणि संशोधनाला एवढा खुराकही दुसरीकडे मिळणार नाही. कड्याचा क्यू (रेझोनन्स किती धारदार आहे त्याचं माप) ५,००० धरला तर १,५५० नॅनोमीटरला रेझोनन्सची रुंदी ०.३ नॅनोमीटर. सिलिकॉनचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे रेझोनन्स एका अंशाला ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकतो. शेजारी शेकडो वॅटची स्विच चिप. तिच्यावरचा भार बदलला आणि कडं २० अंशांनी तापलं की रेझोनन्स स्वतःच्या रुंदीच्या पाचपट दूर गेला. म्हणजे लेझर एकीकडे आणि कडं दुसरीकडे. कारखान्यातला फरक वेगळाच, वेव्हगाइडच्या रुंदीत एक नॅनोमीटरचा फरक पडला तरी रेझोनन्स नॅनोमीटरभर हलतो.

त्यावर इलाज म्हणून प्रत्येक कड्याला हीटर लावतात आणि फीडबॅकने रेझोनन्स लेझरवर धरून ठेवतात. हीटर फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही, त्यामुळे आधीपासूनच थोडं तापवून ठेवावं लागतं आणि ती वीज सतत जाते. एक कडं तापवलं की शेजारचं सरकतं. कड्यात शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाने ते स्वतःही तापतं. किती तापेल हे आत किती प्रकाश साठला आहे यावर ठरतं, आणि किती साठेल हे पुन्हा रेझोनन्सच्या जागेवर. त्यामुळे एकाच हीटर सेटिंगला दोन स्थिर अवस्था मिळतात. लॉक सुटलं की कडं उडी मारून दुसऱ्या अवस्थेत जातं, आणि कंट्रोलर भलत्याच दिशेने ओढत बसतो. सोळा तरंगलांबींच्या लिंकमध्ये वीज आल्यावर कोणतं कडं कोणत्या तरंगलांबीला धरणार, हे ठरवणं हा वेगळा प्रश्न आहे. एनव्हिडियाने २०२५ मध्ये रिंग मॉड्युलेटरवर आधारित को-पॅकेज्ड स्विच जाहीर केले, तेव्हा हे सगळं उत्पादनाच्या पातळीला आणता येतं हे स्पष्ट आहे. दर बिटमागे हीटर आणि कंट्रोलर मिळून किती ऊर्जा खातात ते आणखी खाली आणायला मात्र भरपूर वाव आहे.

‘सगळंच एका सिलिकॉनवर का करत नाहीत’ असंही विचारलं जातं. करून दाखवलंय. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या एका गटाने ४५ नॅनोमीटर सीमॉसमध्ये ७ कोटी ट्रान्झिस्टर आणि ८५० प्रकाशीय घटक एकाच चिपवर ठेवून प्रोसेसर आणि मेमरी यांना प्रकाशाने बोलायला लावलं. त्यात पॅड आणि बंपचा कपॅसिटन्स जवळजवळ नाहीसा होतो. पण वेव्हगाइडला शेकडो नॅनोमीटरची रुंदी लागतेच, प्रकाश काही लहान होत नाही. मग ३ नॅनोमीटरच्या महागड्या वेफरवर ती जागा कशाला घालवायची? म्हणून प्रकाशाची चिप जुन्या प्रक्रियेत, डिजिटल चिप नव्या प्रक्रियेत, आणि दोन्ही एकमेकांवर चिकटवलेल्या, असा मार्ग रुळतो आहे. तांब्याऐवजी सगळीकडे प्रकाश का नाही, याचंही हेच उत्तर आहे. चिपच्या आत मिलिमीटरभर अंतराला तांब्याची तार इतक्या कमी ऊर्जेत काम उरकते की प्रकाशाकडे जाण्या-येण्याचा जकातनाकाच परवडत नाही.

लेझरचं गाऱ्हाणं जुनंच. सिलिकॉनचा बँडगॅप अप्रत्यक्ष, त्यामुळे ते नीट उजळत नाही. लेझर इंडियम फॉस्फाइडसारख्या पदार्थातून आणावा लागतो, आणि तापमान वाढलं की तो लवकर म्हातारा होतो. म्हणून तो गरम पॅकेजच्या बाहेर ठेवतात आणि प्रकाश फायबरने आत नेतात. तिथे फायबरमधला प्रकाशाचा ठिपका साधारण ९ मायक्रोमीटरचा आणि वेव्हगाइड अर्ध्या मायक्रोमीटरचं, अशी गाठ घालावी लागते. दर जोडणीला एक-दोन डेसिबल जातात. परत येणारं परावर्तन लेझरला बिघडवतं, आणि ते अडवणारा आयसोलेटर चिपवर बनवायला चुंबकीय-प्रकाशीय पदार्थ लागतो, जो सिलिकॉनच्या प्रक्रियेत सहज बसत नाही. यावर काम करायचं तर मटेरियलची प्रयोगशाळा हवी. सर्किटवाल्याने यात उडी घेऊ नये.

टूल्सबद्दल थोडं, कारण यावर कुणी बोलत नाही. इलेक्ट्रॉनिक चिपचा लेआउट आणि स्कीमॅटिक जुळतात का ते एलव्हीएस तपासतं. वेव्हगाइड वळणावळणाचं असतं, त्यामुळे डीआरसी (लेआउटमधल्या आकारांचे नियम तपासणारं टूल) हजारो खोट्या चुका दाखवतं, आणि खरी चूक त्यांच्या ढिगाऱ्यात हरवते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोन टोकं जोडली गेली की काम झालं. प्रकाशात लांबी थोडी चुकली तरी फेज बदलते, म्हणजे ‘जोडलं गेलं’ एवढं तपासून पुरत नाही. लेझरपासून एफईसीपर्यंतची लिंक एकाच सिम्युलेशनमध्ये, प्रक्रियेतल्या फरकासकट चालवता येईल अशी मॉडेल अजून कच्ची आहेत. यात चांगलं काम केलं तर पेपर झगमगीत होणार नाही, पण लोक ते वापरतील.

टेस्टिंगही तसंच दुर्लक्षित. वेफरवर सुई टेकवून विद्युत चाचणी सेकंदात होते. प्रकाश आत घालायला फायबर मायक्रोमीटरच्या अचूकतेने लावावं लागतं. पॅकेजमध्ये ३२ प्रकाशीय भाग असतील आणि प्रत्येक चांगला असण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर सगळे चांगले निघण्याची शक्यता ७२ टक्क्यांवर येते, आणि वाया जाते ती शेजारची महागडी स्विच चिपसुद्धा. चिकटवण्याआधीच वाईट चिप ओळखता यावी यासाठी चिपच्याच आत स्वतःची चाचणी करणारी सर्किट्स हवीत. रिंगचा हीटर आणि मॉनिटर फोटोडायोड तिथे आधीपासून असतातच, त्यांच्याकडूनच हे काम करून घेता येईल का?

आता तिसरी शंका. ॲनालॉगची बैठक पक्की असेल तर मी तीनपैकी एक विषय घ्यायला सांगेन. पहिला, थेट चिकटवलेल्या फोटोडायोडसाठी टीआयए. पॅडचा कपॅसिटन्स गेल्यावर जुन्या टोपॉलॉजीची गृहीतकंच बदलतात, ईएसडी कुठे आणि किती ठेवायचं तेही नव्याने ठरवावं लागतं. दुसरा, रिंगचं लॉकिंग, पण पूर्ण पट्ट्याचं. एका कड्याचं लॉकिंग बऱ्याच जणांनी दाखवलं आहे. सोळा कडी, बदलता भार, एकमेकांना तापवणारे हीटर, आणि डेटा न थांबवता लॉक टिकवणं हे पुष्कळ कमी जणांनी. तिसरा, एडीसी आणि एफईसी यांचा एकत्र विचार. चुका विखुरलेल्या येतात असं धरून एफईसीचा आकडा काढतात, पण फीडबॅक इक्वलायझर (आधीच्या बिटांच्या निर्णयावरून पुढचा संकेत दुरुस्त करणारं सर्किट) एक चूक केली की तिच्यामागून आणखी करतो. एका कोडवर्डमध्ये दहा-दहा बिटचे १५ सिम्बॉल दुरुस्त होतात, सोळावा चुकला की सगळा कोडवर्ड गेला. सरासरी चुकांचं प्रमाण सारखं असलेल्या दोन रिसीव्हरपैकी एक चालतो आणि एक पडतो, तो याच कारणाने. कमी बिटांचा, कमी विजेचा एडीसी वापरून चुकांचा हा आकार सांभाळता आला तर थेट पिकोज्यूल वाचतात.

विषय पक्का करण्याआधी गाइडला दोन गोष्टी विचारा: टेपआउटची (डिझाइन चिप बनवायला कारखान्यात पाठवण्याची) जागा कोणत्या प्रक्रियेत आणि कधी मिळणार आहे, आणि प्रयोगशाळेत ५० गिगाहर्ट्झच्या वरचा ऑसिलोस्कोप व तापमान नियंत्रित प्रोब स्टेशन आहे का. टेपआउट आहे पण स्कोप नाही, अशी स्थिती असेल तर रिंगच्या लॉकिंगचा विषय घ्या. त्याचे कंट्रोल लूप किलोहर्ट्झमध्ये चालतात आणि साध्या उपकरणांनी मोजता येतात.